जुने लुअर आणि गळाच्या मासेमारीतली त्यांची जागा: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरचा माळा साफ होतो, धुळ्याच्या जुन्या बाजारात कुणी पेटी उघडतं, अमळनेर-चोपड्याच्या जुन्या वाड्यात पत्र्याचा डबा निघतो. आत काचेच्या डोळ्यांचे लाकडी मासे, काळवंडलेले पितळी चमचे आणि एकमेकांत अडकलेले गंजके गळ. मग फोटो येतात आणि प्रश्न जवळपास तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे, शेवटाकडे अडचणीचे. फार घाई असेल तर आधी प्रश्न ८ वाचा आणि हातातला ब्रश खाली ठेवा.

१. लुअर म्हणजे नेमकं काय? आपण गळाला लावतो त्या आमिषापेक्षा तो वेगळा कसा?

गांडूळ, कणकेचा गोळा, जिवंत बेडूक ही खाण्याची आमिषं. मासा वासाने, चवीने त्यांच्याकडे येतो. लुअर हे बनावट भक्ष्य असतं. लाकूड, धातू, रबर, प्लास्टिक किंवा पिसांचं. पाण्यातून ओढला की तो डुलतो, चमकतो, कधी खळखळ करतो आणि शिकारी मासा त्याच्यावर झडप घालतो. म्हणून मरळ, महसीर, शिंगाळा लुअरवर येतात. रोहू-मृगळ सहसा ढुंकूनही पाहत नाहीत.

जुन्या डब्यात मुख्यतः पाच प्रकार सापडतात. चमच्याच्या पानासारखा वाकवलेला पत्रा म्हणजे स्पून. तारेभोवती पातं फिरतं तो स्पिनर. भरीव शरीराचा लाकडी किंवा प्लास्टिकचा मासा म्हणजे प्लग. गळावर पिसं-दोरा बांधून केलेली ती फ्लाय, म्हणजे माशी. आणि रबराचे किडे-बेडूक. तीन तोंडांच्या गळाला सगळीकडे ट्रेबलच म्हणतात, इथेही तोच शब्द वापरला आहे.

२. किती वर्षांचा असला की लुअर 'जुना' म्हणायचा?

पक्का नियम नाही. संग्राहक ढोबळ तीन गट करतात: दुसऱ्या महायुद्धाआधीचे, बहुतेक लाकडी आणि काचेच्या डोळ्यांचे; १९४० ते १९६० च्या दशकांतले, लाकडाकडून प्लास्टिककडे जाणारे; आणि नंतरचे. कायद्यातली शंभर वर्षांची रेघ वेगळी आहे, त्यासाठी प्रश्न १७ पाहा.

३. लुअर अमेरिकेने शोधला का? इतिहास थोडक्यात सांगा.

नाही. सुमारे १८०० वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या मच्छीमारांचं वर्णन केलं आहे. ते गळाला लाल लोकर गुंडाळून वर कोंबड्याची पिसं बांधत. अमेरिकेने केलं ते कारखान्यातलं उत्पादन आणि त्याचा व्यापार.

ज्युलिओ ब्यूएल या माणसाने १८५२ मध्ये स्पूनचं पेटंट घेतलं. नावेत जेवताना हातातला चमचा तळ्यात पडला आणि त्यावर मासा झेपावला, ही त्याच्या नावावरची गोष्ट आख्यायिका म्हणूनच घ्यावी. १८५९ मध्ये ओहायोच्या रायली हॅस्केलने धातूच्या माशाचं पेटंट घेतलं. मिशिगनमधल्या डोवॅजिॲक गावच्या जेम्स हेडनने १९ व्या शतकाच्या अखेरीस लाकडाचा बेडूक कोरला आणि पुढे त्याच्या कारखान्याने लाकडी प्लग घरोघर नेला. गिरणाकाठी मरळीसाठी गळाला बेडूक लावणाऱ्याला ही कल्पना कुणी समजावून सांगायला नको.

यानंतर इंडियाना राज्यातल्या गॅरेट गावची क्रीक चब, साउथ बेंड शहरातली साउथ बेंड, कॅलामझूची शेक्सपिअर (नाटककाराशी संबंध नाही), ॲक्रनची फ्ल्युगर ही नावं येतात. २ जून १९३२ रोजी जॉर्जियात जॉर्ज पेरीने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे साधारण १० किलोंचा, लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा पकडला तो क्रीक चबच्या लुअरवर. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं, तेही जपानमध्ये.

युरोपचा वाटा कमी नाही. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थने १९०५ मध्ये स्थिर रिळाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी दोरी सोडताना अख्खं रीळ गरगरायचं, त्यामुळे लुअर वजनदार असावा लागे. दोरी रिळाच्या कडेवरून सुटू लागली आणि अगदी हलके लुअरही लांब फेकता येऊ लागले. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये बुचाच्या लाकडाचा पहिला मासा चांभारी सुरीने कोरला, त्याला चॉकलेटची चांदी चिकटवली आणि वरचा थर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून दिला.

४. पण हे सगळं खान्देशात आलं कसं?

मुख्यतः रेल्वे आणि सरकारी नोकरीतून. भुसावळ हे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं मोठं जंक्शन. तिथल्या इंग्रज आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांत गळाचा नाद होता. धुळ्याला कलेक्टर, जंगलखात्याचे साहेब. हिंदुस्थानातल्या इंग्रजांचं सारं लक्ष महसीरवर होतं. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी एच. एस. थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया' १८७३ साली निघालं, त्यात महसीरच्या जबड्याची ताकद आणि त्याला टिकणारे गळ यांवर पानंच्या पानं आहेत. नंदुरबारच्या उत्तरेची नर्मदा तर महसीरसाठी नावाजलेलीच होती.

याचा परिणाम डब्यात दिसतो. इथे सापडणारा माल अमेरिकेपेक्षा इंग्लंडचा जास्त असतो: सुई आणि गळांचं गाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या रेडिचचे ऑलकॉक व मिलवर्ड, ॲल्निकचे हार्डी, शिवाय नॉर्वेच्या मुस्टाडचे गळ. त्यामुळे 'हेडन आहे का?' हा प्रश्न इथे बहुधा चुकीचा. आधी 'इंग्लंडचा आहे का?' ते बघा. जोडीला हाताने ठोकलेले, नाव नसलेले पितळी चमचेही निघतात. त्यांना कमी लेखू नका. इथल्या इतिहासाच्या दृष्टीने ते कारखान्याच्या मालापेक्षा बोलके असतात.

५. डबा सापडला आहे. आधी काय करू?

काहीही उपसू नका. डबा जसा उघडला तसाच वरून फोटो काढा. कोणती वस्तू कशाशेजारी होती, यावरून तो कोणत्या काळातला संच आहे ते कळतं. मग या क्रमाने जा:

जाड कातडी हातमोजे घाला. गंजका ट्रेबल बोटात गेला तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं. गुंतलेले गळ ओढून सोडवू नका. दोन बारीक पकडींनी एकेक तोंड धरून फिरवा. रंगाचे पापुद्रे निघत असतील तर गुंता तसाच राहू द्या.

प्रत्येक लुअर पांढऱ्या कागदावर, शेजारी मोजपट्टी ठेवून, सहा बाजूंनी टिपा: पाठ, पोट, दोन्ही कुशी, तोंड, शेपूट. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड. पोटाचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच लोक पाठवत नाहीत.

लांबी मोजताना गळ आणि जीभ (तोंडाखालचा पत्रा) सोडून फक्त शरीर मोजा, तीही इंचांत. कंपन्यांच्या यादीत पावणेचार इंच, अडीच इंच अशीच मापं असतात. वजनासाठी ओळखीच्या सोनाराचा काटा उत्तम. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. फेकायचे जुने प्लग बहुतेक अर्धा ते पाऊण औंस, म्हणजे १४ ते २१ ग्रॅम भरतात.

रिकामा पुठ्ठ्याचा खोका, फाटकी पत्रिका, दुकानाची पावती यातलं काहीच टाकू नका. कधीकधी लुअरपेक्षा खोकाच दुर्मीळ असतो. डबा कुणाचा, कुठल्या घरातला, हे एका कागदावर तारखेसह लिहून आत ठेवा.

६. लाकडी लुअर कोणत्या काळातला हे कशावरून ओळखायचं?

एका खुणेवर विसंबू नका. किमान तीन जुळल्या पाहिजेत.

डोळे: काचेचे डोळे साधारण १९४० च्या दशकापर्यंत. तिरप्या उजेडात धरलं तर बुबुळाच्या वर काचेची खोली दिसते. रंगवलेला डोळा सपाट राहतो. युद्धाच्या सुमारास आणि नंतर रंगवलेल्या खिळ्याच्या डोक्याचे किंवा नुसते रंगाने काढलेले डोळे येऊ लागले. मात्र अगदी सुरुवातीच्या काही लुअरना डोळेच नव्हते, म्हणून डोळे नसणं हा नवेपणाचा पुरावा धरू नका.

गळ बसवण्याची पद्धत: ही सगळ्यात भरवशाची खूण. हेडनचं उदाहरण घ्या. आधी लाकडात खड्डा करून छोटी धातूची वाटी बसवत आणि तिच्या मधोमध कडीचा स्क्रू. १९१० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली तार आली. १९३० च्या दशकात लाकडाच्या पृष्ठभागावर स्क्रूने बसणाऱ्या पट्ट्या आल्या. आधी दोन तुकड्यांच्या, मग एकाच तुकड्याच्या. वाटीत गळ फिरून लाकूड घासू नये हा हेतू होता, शेवटी पैसे वाचवणं हाही.

स्क्रूचं डोकं: एक सरळ खाच असेल तर जुना असू शकतो. अधिक चिन्हाची खाच असेल तर १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचा, कारण फिलिप्स स्क्रू तेव्हाच बाजारात आला. हिऱ्यासारख्या डोळ्यांचा 'शंभर वर्षांचा' लुअर आणि पोटात फिलिप्स स्क्रू, असं दिसलं की समजायचं.

जीभ आणि पंखे: तोंडाखालची पत्र्याची जीभ किंवा टोकाचे पंखे भिंगाखाली बघा. हेडनच्या पंख्यांवर 'हेडन डोवॅजिॲक' ठोकलेलं असतं, क्रीक चबच्या जिभेवर कंपनीचं नाव, गाव आणि पेटंटची तारीख. शिक्का वाचता येत नसेल तर घासू नका. त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवा.

खवल्यांची नक्षी: खवल्यांचे ठिपके एकसारखे, चौकटी-चौकटीचे असतील तर ते जाळीतून रंग फवारून केलेले आहेत. लुअरवर जाळी ताणायची, गडद रंग उडवायचा, जाळी काढायची. पोटाखाली, जिथे जाळीची टोकं जुळत, तिथे नक्षी चुकलेली दिसते. ती चूक कारखान्याची सही समजा.

७. जिभेवर १९२० चं पेटंट आहे. म्हणजे लुअर १९२० चा ना?

नाही. ती पेटंट मिळाल्याची तारीख. क्रीक चबने ७ सप्टेंबर १९२० ची तारीख पुढे कितीतरी वर्षं जिभेवर ठोकली. ती तारीख फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगते. वय ठरवायला प्रश्न ६ मधल्या बाकीच्या खुणा लावा.

८. भो, पितळी चमचा चिंचेने घासून चकचकीत करू का?

नको. देवाचा तांब्या आणि जुना लुअर यांना एक न्याय नाही. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, धातूची पॉलिश, यातलं काहीही लावलं की काळसर थर जातो, त्याबरोबर शिक्क्याच्या कडाही झिजतात. महसीरच्या कित्येक चमच्यांना एका बाजूने चांदीचा पातळ मुलामा असे आणि दुसरी बाजू पितळ किंवा तांब्याची. चिंचेने तो मुलामा पाच मिनिटांत उडतो, परत येत नाही.

धूळ काढायला मेकअपचा मऊ ब्रश पुरे. चिकट मळ असेल तर कापूस लावलेली काडी गाळलेल्या पाण्यात बुडवून जवळजवळ कोरडी होईपर्यंत दाबा, हवा तर पाण्यात साबणाचा एक थेंब. आधी पोटाखाली, शेपटीजवळ मुगाच्या दाण्याएवढ्या जागी लावून बघा. कापसावर रंग आला तर तिथेच थांबा. लाकडी लुअर पाण्यात बुडवायचा नाही. रंगाच्या भेगेतून पाणी आत जातं, लाकूड फुगतं आणि रंग पापडासारखा सुटतो. थिनर, रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर यांचं नावही नको.

हिरवट पूड (जंगाल) दिसत असेल तर मात्र तिला राहू देऊ नका. बांबूच्या टोकदार काडीने कोरडीच खरवडा. धातूची सुई नको.

९. गळ गंजले आहेत. बदलू का?

ठेवण्यासाठी असेल तर बदलू नका. मूळ गळ गंजके असले तरी वस्तूचा भाग आहेत. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब काडीवर घेऊन फक्त गळाच्या धातूला लावा, जास्तीचं टिपून घ्या. तेल लाकडावर उतरलं तर रंगाखाली काळा डाग पडतो. गंजून तुटलेला तुकडाही बारीक पुडीत लेबल लावून ठेवा.

१०. प्लास्टिकचा जुना लुअर चिकट झालाय, वाकलाय आणि वास मारतोय. काय झालंय?

प्लास्टिक कुजतंय. सुरुवातीचं प्लास्टिक सेल्युलोजपासून बनायचं. सिरक्यासारखा आंबट वास असेल तर ॲसिटेट, कापरासारखा आणि नाक चुरचुरवणारा असेल तर सेल्युलॉइड. हेडनने १९३० च्या दशकात 'स्पूक' नावाने प्लास्टिकचे लुअर काढले, त्यातल्या सुरुवातीच्या काहींना हा रोग ठरलेला. आकसणं, तडकणं, शेवटी तुपासारखं पाझरणं असा त्याचा क्रम. उपाय नाही, वेग कमी करता येतो. त्याला बाकीच्यांपासून तातडीने वेगळा करा, कारण निघणारी वाफ शेजारच्या गळांना गंजवते आणि निरोगी प्लास्टिकलाही बिघडवते. हवाबंद डब्यात कोंडू नका, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सावलीत ठेवा. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, तेव्हा उदबत्ती आणि देवघर दूर.

वास नाही, पण रबरी किड्याला टेकलेली जागाच वितळली आहे? मग कारण दुसरं. मऊ प्लास्टिकचे किडे (१९४९ मध्ये ॲक्रनच्या निक क्रीमने ते बाजारात आणले) मऊ राहावेत म्हणून त्यात तेलकट रसायन घालतात. ते टणक प्लास्टिकमध्ये आणि रंगात शिरून त्यांना विरघळवतं. जुन्या डब्यात सगळ्यात जास्त नुकसान यानेच झालेलं दिसतं. किडे वेगळे, काचेच्या बरणीत.

११. आमच्याकडे मेमध्ये ४५ अंश. ठेवायचे कुठे?

गच्चीखालचा माळा आणि पत्र्याची पेटी, या दोन्ही जागा बाद. तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट बघा. खान्देशात खरा शत्रू तापमानातला आणि दमटपणातला हेलकावा. उन्हाळ्यात हवा हाडासारखी कोरडी, लाकूड आकसतं. जुलैत तेच फुगतं. रंगाचा थर त्याच्याबरोबर आकसत-फुगत नाही, म्हणून उभ्या बारीक भेगा पडतात. यात कूलरची भर: दुपारी कूलरच्या झोतात ओली हवा, रात्री बंद. कूलर असलेल्या खोलीत लुअर ठेवूच नका.

स्टार्च नसलेल्या धुतलेल्या मलमलीत एकेक गुंडाळा. वर्तमानपत्र आम्लधर्मी असतं, शाई उतरते. रबरबँड आणि स्पंज काही वर्षांत वितळून चिकटतात. डांबराच्या गोळ्या तर मुळीच नकोत, त्यांच्या वाफेने जुनं प्लास्टिक आणि रंग मऊ पडतात. वाळवी-झुरळांसाठी कपाटाची जागा कोरडी आणि भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा.

पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, दिवाळीनंतर काढून घ्या; उन्हाळ्यात तिने लाकूड आणखी सुकतं. शिशाच्या वजनांवर पांढरी पूड आली तर लाकडी कपाटातून निघणारी आम्ल वाफ त्याला कारणीभूत आहे. ती पूड विषारी. फुंकू नका, ओल्या कापडाने टिपा, हात धुवा. जुन्या रंगातही शिसं असू शकतं, त्यामुळे लहान मुलांच्या हाती खेळणं म्हणून देऊ नका.

१२. रंग उडालाय. चांगल्या पेंटरकडून रंगवून घेतला तर?

वस्तू सुंदर दिसेल, जुनी राहणार नाही. संग्राहकाला उडालेला मूळ रंग नव्या कोऱ्या रंगापेक्षा प्यारा असतो. सुटणारे पापुद्रे फक्त जागेवर बसवून घ्यायचे असतील तर ते काम संग्रहालयाच्या वस्तूंवर काम केलेल्या माणसाकडून करून घ्या. फेव्हिकॉलने घरी करायला गेलं की कडेला पिवळी रेघ उरते. आधीच कुणी रंगवला असेल तर तसं लिहून ठेवा, विकताना सांगा.

१३. खोटा, म्हणजे नवा बनवून जुना दाखवलेला, कसा ओळखायचा?

वापरलेल्या लुअरच्या पोटावर गळ झुलून पडलेल्या चंद्रकोरीसारख्या रेघा असतात. पोटाच्या गळाचं तोंड जिथवर पोचतं, बरोबर तेवढ्याच परिघात. खोट्यावर ओरखडे असतात पण कुठेही, सँडपेपरच्या दिशेने. खऱ्याची झीज नाकावर, पोटावर आणि शेपटीला. खोट्याची सगळीकडे सारखी. गंजका गळ आणि त्याखाली स्वच्छ लाकूड, हेही संशयास्पद, कारण गंजाचा डाग लाकडात झिरपतोच. अंधारात अतिनील टॉर्चखाली धरा: नंतर लावलेला रंग किंवा वॉर्निश आजूबाजूपेक्षा वेगळं चमकतं. शेवटी फिलिप्स स्क्रूची तपासणी, प्रश्न ६ मध्ये आहे.

प्रत्येक नवी आवृत्ती फसवणूक नसते. काही कंपन्यांनी स्वतःच जुने नमुने पुन्हा काढले. ते त्या नावाने विकले तर तक्रार नाही.

१४. किंमत किती येईल?

फोटोवरून आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. २००३ मध्ये हॅस्केलचा एक मोठा धातूचा मासा लिलावात एक लाख डॉलरच्या वर गेला. ही बातमी दाखवून इथे गंजक्या चमच्यांना हजारो रुपये मागितले जातात. पण तो अपवाद होता. कारखान्यांनी लाखोंनी लुअर काढले आणि बहुतेक जुने लुअर आजही मुबलक आहेत.

किंमत ठरते ती अवस्था, रंगाचा दुर्मीळपणा, मूळ गळ आणि खोका यांवर. वय चौथ्या-पाचव्या क्रमांकावर. अमेरिकेतला १९७६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय लुअर संग्राहक क्लब अवस्थेला १ ते १० गुण देण्याची पद्धत वापरतो, जगभर तीच चालते. मागितलेली किंमत बघू नका, झालेली विक्री बघा. भंगारवाल्याला किलोवर मात्र देऊ नका. दर आठवड्याला कुठेतरी पितळ म्हणून हे वितळतंच आहे.

१५. हतनूर किंवा गिरणा धरणावर जुना लुअर टाकून बघू का?

आधी परवानगी. धरणांतल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण हे वन्यजीव अभयारण्य आहे; तिथे हा विचारच सोडा.

लाकडी, काचेच्या डोळ्यांचा असेल तर पाण्यात टाकू नका. बुडालेल्या बाभळीत अडकला की गेला, आणि आपल्या धरणांच्या पोटात अशी अख्खी शिवारं आहेत. जुन्या नमुन्याचीच मजा हवी असेल तर त्याची आजची आवृत्ती घ्या: हेडनचा झारा स्पूक, ॲक्रनच्या फ्रेड आर्बोगास्टचे जिटरबग आणि हुला पॉपर अजूनही मिळतात. पाणवेलीच्या कडेला पहाटे मरळीसाठी पृष्ठभागावर खळखळणारा जिटरबग टाका. जलपर्णी दाट असेल तर उघडे ट्रेबल गुंततील. तिथे पोकळ रबरी बेडूकच बरा.

साधा, मुबलक मिळणारा धातूचा स्पून किंवा मेप्ससारखा स्पिनर (फ्रान्स, १९३८) वापरायला हरकत नाही. मूळ गळ आणि कड्या काढून पुडीत ठेवा, नव्या लावा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पुसा.

१६. जुन्या महसीर-चमच्याचे गळ सरळ झालेत, चपटलेत. दोष कुणाचा?

माशाचा. महसीरच्या तोंडात दात नसतात, घशात असतात, आणि जबड्याची पकड अशी की हलका ट्रेबल चेपून सपाट होतो. म्हणून महसीरसाठी जाड तारेचे गळ वापरत आणि गळ पानाला न जखडता कडीवर मोकळे सोडत, म्हणजे मासा झटके देऊ लागला की पानाचा तरफेसारखा जोर गळावर पडत नाही. चपटलेला गळ दुरुस्त करू नका. तो तसाच जपा, कारण त्याच्याशी एक मासा जोडलेला आहे. आज महसीर पकडला तर पाण्यातच सोडून द्या. धरणांमुळे त्याच्या वाटा तुटल्या आहेत.

१७. परदेशातल्या संग्राहकाला विकता येईल का?

दोन अडचणी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. प्रत्येक जुना लुअर त्यात बसेलच असं नाही, पण ते तुम्ही किंवा घेणाऱ्याने ठरवायचं नसतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला घ्या, मगच पार्सल करा.

दुसरी अडचण पिसांची. जुन्या इंग्रजी माश्यांमध्ये करड्या रानकोंबड्याच्या मानेची, डोळ्यासारखा मेणचट पिवळा ठिपका असलेली पिसं हमखास असतात. हा पक्षी आपल्या सह्याद्रीतला. एके काळी त्याची पिसं इथून इंग्लंडला जात. आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांची विक्री बंद आहे, मोराच्या पिसांच्या निर्यातीलाही बंदी आहे. डब्यात अशा माश्या असतील तर विक्रीच्या भानगडीत पडण्याआधी वनखात्याला विचारा.

१८. चमचा आहे की घोड्याच्या साजातलं पान, कळत नाही.

सारंगखेड्याच्या बाजारात दोन्ही एकाच पाटीत पडलेलं दिसू शकतं, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. स्पूनला दोन्ही टोकांना भोक असतं, एका बाजूने खोलगटपणा आणि भोकांच्या कडा कडीने झिजलेल्या. साजाच्या पानाला बहुधा एकच भोक किंवा मागे आकडा, आणि नक्षी समोरच्याच बाजूला. दोरीला बांधून बादलीभर पाण्यात ओढा: स्पून डुलतो किंवा फिरतो, पान सरळ येतं.

१९. डब्यात पिवळट, कडक, घोड्याच्या केसासारखे धागे वेटोळे करून ठेवलेत. टाकून देऊ?

टाकू नका. ते रेशमाच्या किड्याच्या रेशीमग्रंथी ताणून केलेले धागे, ज्याला गट म्हणत. नायलॉनचा तंगूस १९३० च्या दशकाच्या अखेरीस आला. त्याआधी लुअर आणि मुख्य दोरी यांच्यामध्ये हेच बांधत. म्हणून डब्यात गट असेल आणि तंगूस नसेल, तर डबा युद्धापूर्वीचा असण्याची शक्यता वाढते. वापरण्याआधी गट अर्धा तास पाण्यात भिजवत, तेव्हा तो लवचीक होई. कोरडा गट वेटोळ्यातून सरळ करायला गेलात तर वळणावरच तुटेल. आहे त्या वेटोळ्यातच मलमलीत ठेवा.